ब्लॉगच्या थीममध्ये लेखांच्या यादीखाली पानांचे दुवे कसे जोडावेत?

(या चर्चेत प्रत्येक नोंदीच्या वर लिहिणाऱ्याचे टोपणनाव आहे.)

रिकामी ओळ

नमस्कार. माझा ब्लॉग वर्डप्रेस या प्रणालीवर आहे आणि त्याची थीम (ब्लॉगच्या दिसण्याचा साचा) बरीच जुनी, म्हणजे पीएचपी या भाषेतल्या फायलींची, पारंपरिक पद्धतीची आहे. मुखपृष्ठावर सहा लेख दिसतात आणि त्यांच्या खाली थेट तळपट्टी सुरू होते. आतापर्यंत ४८ लेख प्रसिद्ध झाले आहेत आणि सातव्यापासून पुढच्या कोणत्याही लेखापर्यंत पोचायचे असेल, तर वाचकाला शोधपेटी किंवा वर्गवारी यांचाच आधार घ्यावा लागतो.

यादीखाली १, २, ३ असे दुवे यावेत म्हणून ‘होम.पीएचपी’ या फाइलमध्ये लूप (लेख एकामागोमाग एक छापणारा भाग) संपल्यावर ‘द_पोस्ट्स_पेजिनेशन’ हे फंक्शन लिहिले. दुवे उमटले, एक ते पाच. परंतु कोणत्याही आकड्यावर टिचकी मारली तरी तेच सहा लेख पुन्हा समोर येतात. पत्त्यात मात्र ‘पेज/२’, ‘पेज/३’ असा बदल होतो. सेटिंग्जच्या ‘रीडिंग’ विभागात एका पानावर १० लेख असा आकडा आहे. शक्यतो प्लगइन (वरून जोडायची तयार भर) न वापरता हे कसे करावे, याचे मार्गदर्शन हवे आहे.

तळटीप

आपण दिलेल्या आकड्यांतच निदान आहे. लेख सहा-सहा दाखवायचे असतील तर ४८ लेखांची आठ पाने व्हायला हवीत, पण दुवे पाचच आले आहेत. ४८ लेख दहा-दहाने वाटले की पाच पाने होतात. याचा अर्थ दुव्यांची संख्या एका हिशेबाने ठरते आहे आणि लेखांची यादी दुसऱ्या हिशेबाने.

वर्डप्रेस कोणताही पत्ता उघडताना थीमची फाइल हाती घेण्यापूर्वीच एक मुख्य क्वेरी, म्हणजे कोणते लेख आणायचे याची विचारणा, चालवते. ती सेटिंग्जमधला आकडा आणि पत्त्यातला पानाचा क्रमांक या दोन्ही गोष्टी विचारात घेते. ‘द_पोस्ट्स_पेजिनेशन’ हे फंक्शन पानांची एकूण संख्या याच मुख्य क्वेरीला विचारते. आपल्या ‘होम.पीएचपी’त लूपच्या वर ‘न्यू डब्ल्यूपी_क्वेरी’ अशी ओळ असण्याची दाट शक्यता आहे. तशी ती असेल, तर थीम मुख्य क्वेरीचे उत्तर बाजूला टाकून स्वतःची दुसरी क्वेरी चालवते आहे आणि त्या दुसऱ्या क्वेरीला आपण कोणत्या पानावर आहोत हे कोणी सांगितलेलेच नाही. ती प्रत्येक वेळी पहिलेच सहा लेख आणून देते.

फंक्शनांची नावे येथे उच्चाराप्रमाणे लिहीत आहे. फाइलमध्ये ती अर्थातच रोमन लिपीत, लहान अक्षरांत आणि मधल्या अंडरस्कोअरसह लिहावीत.

कंस बंद

तळटीप यांचे निदान बरोबर आहे. त्या दुसऱ्या क्वेरीच्या अटींमध्ये ‘पेज्ड’ हा घटक घालावा आणि त्याची किंमत ‘गेट_क्वेरी_व्हार’ या फंक्शनने पत्त्यातून घ्यावी. किंमत रिकामी आली तर एक धरावी. पाने सरकू लागतील. एकच पथ्य आहे. मुखपृष्ठ म्हणून एखादे स्थिर पान नेमलेले असेल आणि त्या पानाच्या टेम्पलेटमध्ये ही यादी असेल, तर तेथे क्रमांक ‘पेज्ड’मध्ये न येता ‘पेज’ या नावाने येतो. पुष्कळ जण येथेच अडतात.

रिकामी ओळ

लूपच्या वर तशी ओळ खरोखरच आहे आणि तिच्यात ‘पोस्ट्स_पर_पेज’ची किंमत सहा अशी थेट लिहिलेली आहे. ‘पेज्ड’ घातल्यावर पाने सरकू लागली, त्याबद्दल आभार. परंतु दुवे अजूनही पाचच आहेत. पाच पानांवर मिळून तीसच लेख दिसतात; उरलेल्या अठरा लेखांना वाटच नाही.

कंस बंद

दुवे छापणाऱ्या फंक्शनला ‘टोटल’ हा घटक द्यावा आणि त्यात आपल्या क्वेरीच्या ‘मॅक्स_नम_पेजेस’ची किंमत भरावी. मग फंक्शन मुख्य क्वेरीची संख्या न घेता आपल्या क्वेरीची संख्या घेईल आणि आठ दुवे उमटतील.

तळटीप

आठ दुवे उमटतील हे खरे, पण सहावा, सातवा आणि आठवा दुवा उघडून पाहावा. ‘पान सापडले नाही’ असा ४०४ चा संदेश येईल.

कारण असे की, ‘पेज/६’ हा पत्ता आला की सर्वांत आधी मुख्य क्वेरी चालते आणि ती दहाच्या हिशेबाने सहाव्या पानावरचे, म्हणजे एकावन्नाव्यापासून पुढचे लेख शोधते. लेख ४८ च आहेत, त्यामुळे तिच्या हाती काहीच लागत नाही. पहिल्या पानानंतरच्या यादीत एकही लेख नसेल तर वर्डप्रेस तेथेच ४०४ ठरवते आणि थीमची ४०४ ची फाइल उचलते. ‘होम.पीएचपी’ उघडलीच जात नाही. मग तिच्यातली दुसरी क्वेरी कितीही अचूक लिहिलेली असो, ती चालण्याची वेळच येत नाही. दिसायला हा दुव्यांचा दोष वाटतो आणि लोक दुव्यांच्या ओळीत तासन्‌तास बदल करत बसतात, पण निर्णय त्या ओळीच्या कितीतरी आधी झालेला असतो.

म्हणून माझे स्पष्ट मत असे आहे की, मुख्य यादीसाठी दुसरी क्वेरी लिहूच नये. मुख्य क्वेरीच आपल्याला हवी तशी करून घ्यावी. त्यासाठी ‘फंक्शन्स.पीएचपी’मध्ये एक छोटे फंक्शन लिहून ते ‘प्री_गेट_पोस्ट्स’ या हुकला (वर्डप्रेसच्या कामात आपले फंक्शन अडकवण्याच्या जागेला) जोडावे. त्या फंक्शनमध्ये तीन अटी तपासाव्यात: हे व्यवस्थापनाचे पान नाही ना, ही मुख्य क्वेरीच आहे ना आणि ही लेखांची मुख्य यादी आहे ना. पहिलीसाठी ‘इज_अ‍ॅडमिन’, दुसरीसाठी ‘इज_मेन_क्वेरी’ आणि तिसरीसाठी ‘इज_होम’. यांपैकी शेवटच्या दोन तपासण्या हाती आलेल्या क्वेरीवरच कराव्यात. तिन्ही अटी जुळल्या तर ‘पोस्ट्स_पर_पेज’ची किंमत सहा करावी आणि थांबावे.

यानंतर ‘होम.पीएचपी’तून ती ‘न्यू डब्ल्यूपी_क्वेरी’ची ओळ, तिच्यावर आधारलेला लूप, ‘पेज्ड’ आणि ‘टोटल’ हे सगळे काढून टाकावे आणि साधा ‘हॅव_पोस्ट्स’, ‘द_पोस्ट’ असा लूप ठेवावा. दुव्यांच्या फंक्शनला संख्येविषयी काहीही सांगावे लागणार नाही.

व्यवस्थापनाची अट गाळू नये. ती गाळली, तर पडद्यामागच्या लेखांच्या यादीतही अनपेक्षित बदल होऊ शकतात.

पानाआड

येथे एक उपप्रश्न विचारतो. सहा हाच आकडा हवा असेल, तर सेटिंग्जमध्येच दहाच्या जागी सहा लिहून मोकळे का होऊ नये? हुक वगैरेची गरजच काय?

तळटीप

सर्व याद्यांवर सहाच लेख चालणार असतील तर हाच सर्वांत सोपा मार्ग आहे आणि तोच घ्यावा. त्या आकड्याचा परिणाम वर्गवारी, महिनावार संग्रह आणि शोध या सगळ्यांवर होतो. मुखपृष्ठावर मोठ्या चित्रांसह सहा आणि वर्गवारीत नुसत्या शीर्षकांसह वीस असे वेगळे आकडे हवे असतील, तरच हुक लागतो. मात्र दोन्हींपैकी कोणताही मार्ग घेतला तरी थीममधली दुसरी क्वेरी काढावीच लागेल.

रिकामी ओळ

हुकचा मार्ग घेतला, कारण वर्गवारीत दहाच लेख ठेवायचे आहेत. आता आठही पाने नीट उघडतात. हे सारे बदल चाइल्ड थीममध्ये (मूळ थीमवर बेतलेल्या वेगळ्या थीममध्ये) केले आहेत, म्हणजे मूळ थीमचे अद्ययावतीकरण झाले तरी ते पुसले जाणार नाहीत.

दोन गोष्टी मात्र खटकतात. दुव्यांच्या वर एक इंग्रजी मथळा ठळक अक्षरांत दिसतो, जो मी कोठेही लिहिलेला नाही. आणि पहिल्या पानावर सहाऐवजी सात लेख दिसतात.

उभी रेघ

सातव्या लेखाचे उत्तर सोपे आहे. आपण एखादा लेख वर चिकटवून ठेवला असणार. तसा चिकटवलेला लेख पहिल्या पानाच्या नेहमीच्या सहांत नसेल, तर तो त्यांच्या जोडीला वर येतो. यात दुरुस्त करण्यासारखे काही नाही. नको असेल तर हुकच्या त्याच फंक्शनमध्ये ‘इग्नोर_स्टिकी_पोस्ट्स’ ही किंमत खरी करावी.

मथळ्याची गोष्ट अधिक महत्त्वाची आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते. ‘द_पोस्ट्स_पेजिनेशन’ हे फंक्शन वर्डप्रेसच्या ४.१ या आवृत्तीत, म्हणजे २०१४ च्या अखेरीस आले. ते नुसते आकडे छापत नाही. आकड्यांभोवती ‘नॅव्ह’ हा टॅग घालते आणि त्याच्या आत दुसऱ्या पातळीचा एक मथळा ठेवते. स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारे सॉफ्टवेअर) वापरणाऱ्या वाचकाला पुढे पानांचे दुवे आहेत हे कळावे, यासाठी तो मथळा असतो. डोळ्यांनी पाहणाऱ्याला तो दिसू नये म्हणून त्याला ‘स्क्रीन-रीडर-टेक्स्ट’ हा क्लास (सजावटीचे नियम लावण्यासाठीचे नाव) दिलेला असतो आणि त्या क्लासचे नियम थीमच्या सीएसएसमध्ये (दिसण्याच्या नियमांमध्ये) असतील, असे गृहीत धरलेले असते. आपली थीम जुनी असल्यामुळे तिच्यात ते नियम नसणार, म्हणून मथळा उघडा पडला.

त्यावर ‘डिस्प्ले: नन’ असा उपाय कृपया करू नये. तसे केल्यास तो मथळा स्क्रीन रीडरलाही सापडत नाही आणि त्याचे प्रयोजनच संपते. क्लासला निरपेक्ष स्थान द्यावे, रुंदी आणि उंची एक पिक्सेल ठेवावी, बाहेर येणारा मजकूर लपवावा आणि ‘क्लिप’ने तो कापावा; ही रूढ पद्धत आहे. मथळ्याचे शब्द मराठीत हवे असतील तर फंक्शनला ‘स्क्रीन_रीडर_टेक्स्ट’ या घटकात ‘लेखांची पाने’ असे लिहून द्यावे. आवृत्ती ५.३ पासून ‘एरिया_लेबल’ हाही घटक देता येतो. ‘मागे’ आणि ‘पुढे’ यांसाठीचे शब्द ‘प्रिव्ह_टेक्स्ट’ आणि ‘नेक्स्ट_टेक्स्ट’ या घटकांतून बदलता येतात.

आता सजावटीविषयी. आकड्यांना ‘पेज-नंबर्स’, चालू पानाला त्याशिवाय ‘करंट’ आणि मधल्या ठिपक्यांना ‘डॉट्स’ असे क्लास मिळतात, त्यामुळे सीएसएस लिहिणे अवघड नाही. फक्त दुवे फार लहान ठेवू नयेत. ऑक्टोबर २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डब्ल्यूसीएजी २.२ या सुगम्यतेच्या निकषांत टिचकीच्या जागेसाठी ‘एए’ पातळीवर किमान २४ गुणिले २४ सीएसएस पिक्सेल असा आकडा आहे, काही अपवाद सोडून. माझ्या मते फोनवर तेवढेही कमीच पडते. एकमेकांना खेटून बसलेले ७ आणि ८ बोटाने वेगळे करणे हा त्रास आहे. चालू पान केवळ रंगाने दाखवू नये, त्याला चौकट किंवा ठळकपणाही द्यावा. स्क्रीन रीडरसाठी ‘एरिया-करंट’ हे चिन्ह वर्डप्रेस स्वतःच घालते.

अनुक्रमणिका

चर्चा योग्य दिशेने चालली आहे, तरीही एक मूलभूत शंका मांडतो. ब्लॉगच्या यादीला आकडे हवेतच कशाला? नवा लेख आला की प्रत्येक लेख एक जागा खाली सरकतो. सहा नवे लेख आले की तिसऱ्या पानावरचा सगळा मजकूर चौथ्या पानावर जातो. आज कोणी ‘पेज/३’ या पत्त्याची खूण ठेवली, तर महिन्याभराने तेथे वेगळेच लेख असतील. वाचकाच्या दृष्टीने ‘३’ या आकड्याला अर्थ काहीच नाही. ‘जून २०२३’ या शब्दांना आहे. म्हणून ‘जुने लेख’ आणि ‘नवे लेख’ असे दोन दुवे खाली द्यावेत आणि बाजूला महिनावार संग्रह ठेवावा, असे मला वाटते.

ब्लॉगर या गूगलच्या ब्लॉगसेवेत हीच रीत आहे. तेथे ‘जुने लेख’ या दुव्याच्या पत्त्यात पानाचा क्रमांक नसतो, ‘अपडेटेड-मॅक्स’ या नावाने तारीख आणि वेळ असते. त्या क्षणापूर्वीचे लेख दाखवा, एवढाच त्याचा अर्थ. त्यामुळे नवे लेख आले तरी त्या पत्त्यावरची यादी हलत नाही. त्याच कारणाने ब्लॉगरच्या थीममध्ये आकड्यांचे दुवे सरळपणे देता येत नाहीत आणि त्यासाठी लोकांना जावास्क्रिप्टच्या खटपटी कराव्या लागतात.

तळटीप

पाने सरकतात हा मुद्दा मान्य आहे. परंतु दोनच दुवे दिले, तर ब्लॉगवर एकूण किती मजकूर आहे याचा अंदाज वाचकाला येत नाही आणि पहिल्या लेखापर्यंत जायचे तर एकेक पान मागे जावे लागते. आकड्यांत शेवटचे पान नेहमी समोर असते. पाने फार झाली तरी सगळे आकडे छापले जात नाहीत. ‘मिड_साइझ’ची (चालू पानाच्या दोन्ही बाजूंना किती आकडे दाखवायचे त्याची) मूळ किंमत या फंक्शनमध्ये एक असते, म्हणून चाळीसपैकी विसाव्या पानावर ‘१ … १९ २० २१ … ४०’ एवढेच दिसते. महिनावार संग्रह मात्र असावाच. तो आकड्यांना पर्याय नसून त्यांच्या जोडीला असतो.

दोन दुवे देणाऱ्यांसाठी एक सावधगिरी सांगतो. ‘नेक्स्ट_पोस्ट्स_लिंक’ हे फंक्शन पुढच्या क्रमांकाच्या पानाकडे नेते आणि पुढच्या पानावर जुने लेख असतात. त्यामुळे त्याच्या दुव्यावर ‘जुने लेख’ असेच लिहावे लागते. दुसरी गफलत एका अक्षराची आहे: ‘द_पोस्ट्स_नॅव्हिगेशन’ हे याद्यांसाठी आहे आणि ‘स’ नसलेले ‘द_पोस्ट_नॅव्हिगेशन’ हे एकेका लेखाच्या पानावर आधीचा व नंतरचा लेख दाखवण्यासाठी आहे. एकच लांब लेख अनेक पानांत तोडण्यासाठीचे ‘डब्ल्यूपी_लिंक_पेजेस’ हे आणखी तिसरे.

पानाआड

माझ्या थीममध्ये पहिला लेख मोठा आणि उरलेले खाली जाळीत अशी मांडणी आहे. जाळीतून पहिला लेख वगळण्यासाठी क्वेरीत ‘ऑफसेट’ (सुरुवातीचे किती लेख सोडायचे तो आकडा) एक दिला. तेव्हापासून दुसऱ्या पानावरही पहिल्याच पानाचे लेख येतात, ‘पेज्ड’ दिलेले असूनही.

कंस बंद

‘ऑफसेट’ दिला की वर्डप्रेस ‘पेज्ड’कडे पाहतच नाही, हे त्यामागचे कारण. प्रत्येक पानासाठी ऑफसेट स्वतः गुणाकाराने काढता येतो, पण मग एकूण संख्येतूनही एक वजा करावा लागतो आणि त्यासाठी ‘फाउंड_पोस्ट्स’ हे फिल्टर वापरावे लागते. इतका खटाटोप टाळावा. ऑफसेट काढून टाकावा, एकच लूप ठेवावा आणि त्यात ‘करंट_पोस्ट’ शून्य आहे व ‘इज_पेज्ड’ खोटे आहे, एवढे पाहून त्या लेखाला मोठी मांडणी द्यावी. मोठेपणा हा दिसण्याचा भाग आहे. त्यासाठी क्वेरी मोडण्याचे कारण नाही.

तसेच वेग वाढवण्याच्या सल्ल्यांत ‘नो_फाउंड_रोज’ खरे करा असे पुष्कळदा वाचायला मिळते. बाजूच्या पट्टीतल्या पाच लेखांच्या यादीसाठी ते ठीक आहे. पानांचे दुवे असलेल्या यादीत ते केले, तर एकूण लेख मोजलेच जात नाहीत, पानांची संख्या शून्य राहते आणि दुवे निमूटपणे गायब होतात.

काठावरचा

माझी थीम ब्लॉकची (पीएचपी फायलींऐवजी ब्लॉक जोडून बनवलेली) आहे, तिच्यात ‘होम.पीएचपी’ नाहीच. आम्ही काय करावे?

उभी रेघ

साइट एडिटरमध्ये यादीचे टेम्पलेट उघडावे, ‘क्वेरी लूप’ हा ब्लॉक निवडावा आणि त्याच्या आत, लेखांच्या साच्याच्या खाली ‘पेजिनेशन’ ब्लॉक घालावा. तो क्वेरी लूपच्या बाहेर चालत नाही. क्वेरी लूपच्या सेटिंग्जमध्ये टेम्पलेटची मूळ क्वेरी वापरायची की स्वतंत्र, हे ठरवता येते. मूळ क्वेरी निवडली तर लेखांची संख्या ‘रीडिंग’मधल्या आकड्याप्रमाणे येते. स्वतंत्र क्वेरी निवडली तर पानाचा क्रमांक पत्त्यात ‘पेज/२’ असा न येता प्रश्नचिन्हानंतर त्या क्वेरीच्या नावाने येतो, म्हणून वर सांगितलेला ४०४ चा पेच तेथे उद्भवत नाही.

अनुक्रमणिका

शोध इंजिनांविषयी कोणी लिहिलेले दिसत नाही. सर्व पानांचा ‘कॅनॉनिकल’ (शोध इंजिनाने मूळ मानावा असा) पत्ता पहिल्या पानाचाच द्यावा, असा सल्ला मी अनेकदा वाचला आहे.

तळटीप

तो सल्ला घेऊ नये. दुसऱ्या पानावरचा मजकूर पहिल्या पानाची नक्कल नसतो. गूगलच्या मार्गदर्शनातही प्रत्येक पानाला त्याचा स्वतःचा कॅनॉनिकल पत्ता द्यावा असेच आहे. आधीचे व पुढचे पान कोणते हे सांगणारे ‘रेल’ गुणधर्मातले ‘प्रिव्ह’ व ‘नेक्स्ट’ आपण वापरत नसल्याचे गूगलने मार्च २०१९ मध्ये सांगितले, त्यामुळे केवळ गूगलसाठी ते घालण्याची धडपड नको. दुवे साधे ‘ए’ टॅगचे आणि स्वतंत्र पत्त्याचे असणे, हे खरे महत्त्वाचे. खाली सरकवत जाताना आपोआप लेख भरणाऱ्या थीममध्ये असे दुवे नसतील, तर जुन्या लेखांपर्यंत पोचण्याची वाट शोध इंजिनालाही मिळत नाही आणि वाचकाला तळपट्टीही सापडत नाही.

रिकामी ओळ

क्लासचे नियम घातल्यावर मथळा दिसेनासा झाला आणि लेख चिकटवलेलाच ठेवला आहे. वर्गवारीच्या आणि शोधाच्या यादीत मात्र दुवे नाहीत. तेथेही हुक वाढवावा लागेल का?

कंस बंद

हुक वाढवण्याची गरज नाही. ‘इज_होम’ या अटीमुळे तो इतर याद्यांना शिवत नाही आणि त्या सेटिंग्जमधल्या दहाच्या हिशेबाने चालतात. दुव्यांची ओळ फक्त ‘आर्काइव्ह.पीएचपी’ आणि ‘सर्च.पीएचपी’ या फायलींतही लिहावी. जागा तीच: ‘व्हाइल’ संपल्यानंतर आणि ‘एल्स’च्या आधी. ‘व्हाइल’च्या आत लिहिली तर प्रत्येक लेखाखाली दुवे छापले जातील. थीममध्ये ‘कॅटेगरी.पीएचपी’ वेगळी असेल तर वर्गवारीसाठी ‘आर्काइव्ह.पीएचपी’ऐवजी तीच वापरली जाते, हे आधी पाहून घ्यावे. यादी एकाच पानाची असेल तर फंक्शन काहीच छापत नाही, त्यामुळे थोडे लेख असलेल्या वर्गवारीसाठी वेगळी अट लिहिण्याचे कारण नाही.